पेपरमिंटचं पातेलं

प्रिय धाकट्या,

तुझा फोन गुरुवारपासून बंद आहे आणि आज रविवार. 'आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता' म्हणणारी ती बाई आता मला घरचीच वाटायला लागली आहे. म्हणून हे पत्र मावशीकडे देते. तू कुठे आहेस ते तिला ठाऊक नाही असं ती म्हणते, आणि म्हणताना ओट्यावरचा नसलेला डाग पुसत राहते, त्यावरून काय ते मी समजले. मी तुला फैलावर घ्यायला लिहीत नाहीये. राग आहे, पण तो पार तळाशी. त्याच्यावर भीती इतकी साचली आहे की तो हाताला लागत नाही. गुरुवारी फोनवर मी तुला धड काहीच सांगितलं नाही. एक प्रश्न विचारला आणि तू फोन ठेवलास. त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते तुला कळलंच नसणार. ते सगळं सांगते. उभ्याउभ्या वाचू नकोस, कुठेतरी बस.

सुट्ट्यांच्या दिवसांत आमच्या हॉटेलात मुंगीला शिरायला जागा नसते, हे रडगाणं तू दर वर्षी माझ्या तोंडून ऐकतोस. यंदा गुरुवारी संध्याकाळी सातला पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीची मेजवानी होती, घरच्यांना धरून नव्वद माणसं. आमच्या मॅनेजरबाईंना कुठल्याशा मासिकात एका कॉकटेलचा फोटो सापडला. फिकट गुलाबी पेय, वर क्रीम, ग्लासच्या काठाला लाल-पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा चुरा. तो त्यांनी कापून माझ्या बारवर चिकटवला आणि म्हणाल्या, दारातून आत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात हा ग्लास पडला पाहिजे. चिकटवणाऱ्याचं काय जातं. मी कपाट उघडून पाहिलं तर व्होडकाच्या दोन बाटल्या शिल्लक, आणि नेहमीचा माल देणारा म्हणतो, गाड्या रस्त्यात अडकल्यात, शुक्रवारशिवाय काही सांगू नका. मंगळवारपर्यंत सहा बाटल्यांची सोय झाली. ती कशी झाली ते तुला माहीत आहे. तेव्हा मला इतकं हलकं वाटलं होतं की मी दिवसभर गुणगुणत होते.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला मी नमुन्याचा घाणा काढला. नव्या बाटल्यांपैकी एक फोडली. गोळ्या फडक्यात बांधून लाटण्याने कुटल्या, निम्म्या व्होडकात घातल्या आणि बरणी हलवत बसले. गोळ्यांचा रंग सुटतो ते बघायला मोठी मजा येते. आधी लाल धागे खाली उतरतात, मग सगळं एकदम गुलाबी होतं. मला तुझी आठवण आली. लहानपणी तू असली गोळी चोखायचास आणि तोंड उघडं टाकून वारा आत घ्यायचास, आणि म्हणायचास, ताई, माझ्या तोंडात हिवाळा आलाय. मग क्रीम, पांढऱ्या चॉकलेटचं सिरप, भरपूर बर्फ, आणि हात दुखेपर्यंत शेकर हलवायचा. मी स्वतः पीत नाही, तुला ठाऊक आहे. स्ट्रॉच्या टोकाने थेंबभर जिभेवर घेते, चव बघते आणि बेसिनमध्ये थुंकते. मला ज्या बाईंनी हे काम शिकवलं त्यांचा तो नियम होता आणि त्याच नियमामुळे मी आज हे लिहायला धड आहे. चवीत मला काही वावगं लागलं नाही. हे मला पुन्हा लिहू दे, कारण सगळे तेच विचारतात आणि मीही स्वतःला तेच विचारते. काही वावगं लागलं नाही. पेपरमिंट असा गारवा पसरवतं की त्याच्याखाली काय आहे ते जिभेला कळतच नाही.

मॅनेजरबाईंनी एक घोट घेतला, मान डोलावली आणि गेल्या. उरलेलं मी कोटकाकांना दिलं. आमच्या दाराशी पाहुण्यांचे कोट घेऊन बिल्ले देतात ते, म्हणून सगळे त्यांना कोटकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव मला गुरुवारी दवाखान्याच्या कागदावर पहिल्यांदा दिसलं. तू मला न्यायला यायचास तेव्हा ते तुला आत हीटरजवळ बसवायचे आणि स्वतः दारात कुडकुडत उभे राहायचे. त्यांनी पहिला घोट घेतला, विचार केला आणि म्हणाले, 'दात घासल्यासारखं वाटतंय. पण एकदा घासून दात स्वच्छ होत नाहीत, अजून एक दे.' मी दिला. तिसराही दिला. मोठ्या ग्लासात, काठाला चुरा लावून, पाहुण्यांना देतात तसा. बायको गेल्यापासून त्यांच्यासाठी कुणी काही खास केलेलं नव्हतं, आणि मला वाटलं, सुट्ट्या त्यांनाही आहेत की.

गुरुवारी मी सकाळपासून मोठ्या पातेल्यावर होते. उरलेल्या पाच बाटल्या त्यात ओतल्या, किलोभर गोळ्या विरघळवल्या, झाकण लावून पातेलं थंड खोलीत ठेवलं. कोटकाका दोनला यायचे, ते तीनला आले. चेहरा राखेसारखा. म्हणाले पोट बिघडलंय, सकाळपासून दोनदा उलटी झाली. मी त्यांना हसले, धाकट्या. म्हटलं, तीन-तीन ग्लास झेपत नाहीत तर घ्यायचे कशाला. ते कोटांच्या खोलीत गेले आणि मी ग्लास पुसायला घेतले. थोड्या वेळाने मी त्यांना बिल्ल्यांची पेटी द्यायला गेले तर ते भिंतीवरच्या खुंट्या हाताने चाचपत होते, अंधारात माणूस चाचपतो तसे. दिवे लख्ख लागलेले होते. मला म्हणाले, 'आज धुकं फार पडलंय गं. आतपर्यंत आलंय.'

बाहेर ऊन होतं. खिडकीच्या काचेवर सरळ पडलं होतं.

मी पेटी तिथेच खाली ठेवली. शिकवणाऱ्या त्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की बारवरच्या माणसाला शंभर कॉकटेलं आली नाहीत तरी चालेल, पण एक गोष्ट आली पाहिजे: पिण्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाच्या डोळ्यांपुढे पांढरं आलं तर त्याला झोपवायचं नाही, लिंबूपाणी द्यायचं नाही, आधी दवाखान्याची गाडी बोलवायची. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मी गाडी बोलावली. मग धावत थंड खोलीकडे गेले, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मॅनेजरबाईंना सांगितलं की क्रीम फाटल्यासारखं दिसतंय, मी आल्याशिवाय कुणी हात लावू नका. बघ, तिथेच मी खोटं बोलायला सुरुवात केली. कुलूप घालायची अक्कल होती, पण का घातलं ते सांगायची हिंमत नव्हती.

गाडीत ते मला एकच विचारत राहिले, दिवे कुणी एवढे पांढरे लावले. मी त्यांचा हात धरला होता आणि समोर औषधांच्या पेटीवर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं, ते मी पुन्हा पुन्हा वाचत होते. मला अक्षरं दिसतात ना, हे बघायला. थेंबभर माझ्याही जिभेवर पडलं होतं. अजूनही मी तेच करते. तेलाच्या बाटलीवरचं, औषधाच्या पुडीवरचं, मिळेल ते बारीक वाचते, आणि एखादं अक्षर पुसट दिसलं की दिव्याखाली नेऊन पुन्हा वाचते. माझं रक्त तपासलं, त्यात काही नाही. मॅनेजरबाईंचंही निर्दोष आलं, एका घोटावर त्या सुटल्या. तरी वाचते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने विचारलं, काल काय प्यायले, किती, कुठली बाटली. मी म्हटलं, व्होडका, हॉटेलातली. तिने विचारलं, नेहमीच्याच ठिकाणाहून आलेली का. आणि मी हो म्हटलं. विचार करून म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. ते तोंडातून आपोआप निघालं, जसं तू शेजाऱ्यांची काच फोडलीस तेव्हा 'मी फोडली' असं निघालं होतं. तुझ्यावरचं आपल्या अंगावर घ्यायची माझ्या जिभेला जुनी सवय आहे. डॉक्टरीण म्हणाली, वय आहे, रक्तदाबही आहे, मेंदूत गुठळी असू शकते, आधी डोक्याचा फोटो काढू. आणि मी बाकावर बसून काय मागणं मागत होते, ते कुणालाच सांगितलं नाही, तुला सांगते. गुठळी असू दे, असं मी मागत होते. एका भल्या माणसाच्या मेंदूत गुठळी निघावी, म्हणजे त्या बाटल्यांचं नाव निघणार नाही. एक तास दहा मिनिटं मी तशी बसले होते. समोर घड्याळ होतं, म्हणून आकडा पक्का आहे.

त्या बाकावरूनच मी तुला फोन केला. धाकट्या, त्या बाटल्या तू आणल्या होत्यास. इतका वेळ मी हे लिहायचं टाळत होते, पण आता टाळून पुढे जाता येत नाही. तू मागच्या दाराशी पिशवी ठेवलीस, मला डोळा मारलास आणि म्हणालास, दारूच्या कंपनीतून नाही, एका ओळखीच्याकडून, पण माल तोच. घरी आल्यासारखा तू आलास आणि गेलास. नंतर मी एक बाटली हातात घेतली, तर बुचाखालचं कडं सैल होतं आणि लेबल जरासं तिरकं बसलेलं. मी ते पाहिलं. पाहून बाटली कपाटात ठेवली. म्हणून सगळं तुझ्या माथी मारून मी मोकळी होतेय असं समजू नकोस. फोनवर मी एवढंच विचारलं, 'त्या बाटल्यांत काय होतं?'  तुझा श्वास ऐकू येत होता. मग तू विचारलंस, 'कुणी प्यायलं का?' आणि फोन बंद झाला. तू 'म्हणजे काय' असं विचारलं असतंस, 'व्होडका होती, अजून काय असणार' म्हणाला असतास, तर मी विश्वास ठेवला असता. तू नेमकं तेच विचारलंस जे माहीत असलेला माणूस विचारतो. का फक्त घाबरलेला माणूसही तेच विचारतो? ह्यावर मी तीन दिवस घोळ घालते आहे.

पावणेसहाला मॅनेजरबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, पाहुणे लवकर यायला लागलेत, लोक कोट हातात घेऊन ताटकळलेत, आणि तू किल्ली घेऊन बसली आहेस. ऑफिसात दुसरी किल्ली सापडली आहे, मी उघडते. मी म्हटलं उघडू नका. त्या म्हणाल्या, क्रीम मी चाखून बघते, फाटलं असेल तर वरून नवीन घालू. मागे लोकांचं हसणं ऐकू येत होतं, कुणीतरी पेटीवर काहीतरी वाजवत होतं. मला त्या किल्ली कुलपात घालताना दिसल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, 'बाई, त्यात विष आहे. एक थेंब कुणाच्या ओठाला लावू नका. बाटल्या बाहेरच्या आहेत.' मी हळू बोलले असं मला वाटलं, पण सगळा वऱ्हांडा गप्प झाला. वळून पाहिलं तर डॉक्टरीण डोक्याचा फोटो हातात घेऊन माझ्यामागेच उभी होती. गुठळी नव्हती. ती पळत आत गेली.

मग सगळी पळापळ. कोटकाकांना शिरेतून औषध सुरू झालं, रक्त स्वच्छ करायच्या यंत्राला जोडलं. डॉक्टरीण नंतर बाहेर आली तेव्हा शांतपणे बोलली. रंग पातळ करायला वापरतात तसलं स्पिरिट त्या बाटल्यांत होतं. पिताना काही कळत नाही, पहिले काही तास नशेसारखीच नशा, आणि मग ते पोटात गेल्यावर बदलतं आणि पहिला घाला डोळ्यांवर घालतं. पूर्वी त्याच्यावर उतारा म्हणून शुद्ध दारूच पाजायचे, असंही तिने सांगितलं, आणि मला हसू फुटलं, आणि ते थांबेना, शेवटी नर्सने मला पाणी दिलं. मी डॉक्टरिणीला विचारलं, माझ्या त्या तास-दहा मिनिटांनी फरक पडला का. ती 'सांगता येत नाही,' म्हणाली. तिने हो म्हटलं असतं तर एकदाचं बरं झालं असतं. हे 'सांगता येत नाही' आता मी मरेपर्यंत माझ्याबरोबर राहणार.

कोटकाका वाचले. त्यांना उजेड कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं, समोर माणूस आलं तर सावली हलल्यासारखी दिसते. त्याहून पुढे किती सुधारेल ते महिन्याभराने कळेल, कदाचित काहीच नाही. त्यांची मुलगी आली आहे. ती माझ्याशी बोलत नाही आणि मी तिला दोष देत नाही. काल ती जेवायला खाली गेली तेव्हा मी आत जाऊन बसले. त्यांनी माझा हात चाचपून ओळखला, बर्फाने राठ झालाय म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं, तुझ्यासकट. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'पोराला म्हणावं ये एकदा. मला दिसत नाही, त्यामुळे मान खाली घालायची गरज नाही.' हे ते रागाने म्हणाले की मायेने, ते मला ओळखता आलं नाही. जसं बोलले तसं तुला लिहिलं.

आता हे पत्र का, ते. शुक्रवारी पोलिसांच्या बाई आल्या होत्या आणि मी तुझं नाव सांगितलं. ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, एवढी एक इच्छा होती. तू परत ये किंवा येऊ नकोस, माझं तोंड पाहू नकोस, ते सगळं नंतर. पण मंगळवारी तू पिशवी काढायला गाडीचं मागचं दार उघडलंस तेव्हा मी आत पाहिलं होतं. तसल्याच बाटल्यांची चार खोकी होती, एकेकात बारा. हेही मी त्या बाईंना सांगितलं. आज सकाळी दवाखान्यात दोन माणसं आणली, नवराबायको, दोघांच्या डोळ्यांपुढे पांढरं. त्यांनी आमच्या हॉटेलात कधी पाऊलही टाकलेलं नाही. सुट्ट्यांचे अजून चार दिवस आहेत. लोक घराघरात बसलेत, ग्लास काढून ठेवलेत, आणि कुणाच्या तरी कपाटात तिरक्या लेबलाची बाटली आहे. तुला माहीत होतं की नव्हतं, हे मी तुला आयुष्यात पुन्हा विचारणार नाही, शपथ. फक्त एवढं सांग, बाकीच्या बाटल्या कुणाकुणाला दिल्यास. मावशीच्या फोनवरून पाठव, नुसती नावं आणि पत्ते, खाली सही नको, एक शब्दही नको. मी फोन हातात धरून बसले आहे.

तू काहीही केलेलं असलंस तरी तुझीच,
ताई